मूल पुढे, आपण मागे : बाराव्या-तेराव्या वर्षी करायचा धोडपचा मुक्काम

काही घरांत मुंज होते, काही घरांत मुलगी मोठी झाली की साडी-चोळी होते. बहुतेक घरांत काहीच होत नाही. सातवीतून आठवीत गेल्यावर मोबाइल मिळतो, तेवढंच. आता तू थोडी मोठी झालीस, थोडा मोठा झालास, हे सांगायला काहीतरी ठोस हवं असं वाटणाऱ्या नाशिककर पालकांसाठी हा ट्रेक आहे. बेत साधा आहे. आई किंवा वडील यांपैकी एकानेच एका मुलाला घेऊन गडावर एक रात्र काढायची. त्या दीड दिवसात वाट, पाणी, वेळ आणि परत फिरायचं की नाही, या चार गोष्टी खरोखर मुलाच्या हाती द्यायच्या.

‘खरोखर’ हाच यातला अवघड शब्द आहे. पुढची जवळजवळ सगळी तयारी त्या एका शब्दासाठी आहे.

गड सोपा निवडा

पहिली चूक इथेच होते. मुलाला ‘काहीतरी भारी’ करून दाखवायचं म्हणून पालक हरिहर निवडतात. हरिहरच्या कातळात खोदलेल्या खड्या पायऱ्यांवर कुठलाही शहाणा बाप मुलाला पुढे सोडून गप्प राहू शकत नाही, आणि राहूही नये. अलंग-मदन-कुलंगला दोर लागतो आणि दोर सांभाळणारी माणसं लागतात. मग जबाबदारी त्यांची होते, मुलाची राहत नाही. कळसूबाई (१,६४६ मीटर) राज्यातलं सर्वात उंच शिखर असल्याने नावाला छान आहे. पण शनिवार-रविवारी बारीच्या वाटेवर इतकी गर्दी असते की वाट शोधावीच लागत नाही, पुढच्याच्या टाचा बघत चढायचं.

गड मुलाच्या कुवतीपेक्षा थोडा सोपा हवा, म्हणजे तुम्हाला गप्प बसता येतं. चढ दोन-तीन तासांचा, वाट मळलेली पण मध्येमध्ये फाटे फुटणारी, वर निवारा आणि पाणी, आणि आदल्या दोन सुट्ट्यांत सराव करता येईल असे सोपे डोंगर जवळ. या मापात चांदवड तालुक्यातला धोडप बरोबर बसतो. मुंबई-आग्रा महामार्गाने चांदवडच्या अलीकडे वडाळीभोई, तिथून धोडांबे आणि मग पायथ्याचं हट्टी गाव. महामार्गावरूनच त्याची लांबलचक कातळभिंत आणि तिच्यातली खाच ओळखू येते. लाव्हा भेगेत थिजून तयार झालेली ही उभी भिंत आहे. आजूबाजूचा मऊ खडक झिजला, ती उरली. १७६८ साली माधवराव पेशवे आणि राघोबादादा यांची लढाई याच धोडपला झाली. काका-पुतण्याच्या भांडणाची गोष्ट आहे, रात्री सांगायला बरी पडते.

पालकाने आधी एकदा जाऊन यायचं

याला पर्याय नाही. मुलाला नेण्याच्या महिनाभर आधी एखाद्या जाणत्या मित्राबरोबर किंवा गावातल्या वाटाड्याबरोबर धोडप करून या. बघायच्या गोष्टी मोजक्याच. वाटेला फाटे कुठे फुटतात. माचीवर पडक्या अवशेषांत वाट कुठे हरवते. लोखंडी शिडी आणि खोदीव पायऱ्या आज कशा अवस्थेत आहेत. वरच्या गुहेशेजारच्या टाक्यात पाणी किती आणि कसं आहे. आग्यामोहोळं कुठल्या कड्याला लटकली आहेत. फोनला रेंज कुठे येते तेही लिहून ठेवा.

मुलाला यातलं काहीही सांगू नका. त्याला गावातल्या माणसाचा फोन नंबर तेवढा द्या.

सहा आठवड्यांची तयारी

आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास भरभर चालणं आणि इमारतीचे जिने. जिने चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर ताण येतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात ते त्यामुळेच. बूट नवे असतील तर हे सहा आठवडे तेच घालून चालायचं. नवे बूट घालून थेट गडावर गेलेल्या मुलाच्या टाचेला पहिल्याच तासात फोड येतो. बूट घेताना जाड मोजे घालून अर्धा नंबर मोठा घ्या आणि तळव्याच्या रबराला खोल खाचा आहेत ना, ते पाहा. गुळगुळीत झिजलेले शाळेचे बूट घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, हमखास घसरतात. निघण्याच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापायची. वाढलेल्या नखाचा अंगठा उतारावर बुटाच्या टोकाला आपटून काळानिळा होतो.

सरावाचा पहिला गड रामशेज. पेठ रस्त्यावर आशेवाडीपर्यंत गेलं की गड समोरच. १६८२ पासून कित्येक वर्षं मोगलांना दाद न देणारा हा गड दिसायला अगदी ठेंगणा आहे, आणि मुलांना त्याचंच कौतुक वाटतं. इथे एकच गोष्ट शिकवायची, चालण्याची लय. पंचवीस मिनिटं चाल, पाच मिनिटं थांबा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. तुटक बोलावं लागलं तर वेग जास्त आहे. मुलं पहिली पंधरा मिनिटं पळतात आणि मग बसकण मारतात, त्यामुळे लय अंगवळणी पडायला एक पूर्ण सकाळ जाते.

दुसरा सराव अंजनेरीचा. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी फाट्याला उतरायचं, पायऱ्यांनी वर, आणि मग मोठं पठार. वर अंजनीमातेचं मंदिर, तळं, चारी बाजूंनी सारखंच दिसणारं गवत. खुणा लक्षात ठेवणं शिकवायला याहून चांगली जागा जवळपास नाही. दर दहा मिनिटांनी मुलाला मागे वळून बघायला लावा. परतीची वाट येतानाच्या वाटेसारखी दिसत नाही, हे पठारावर लगेच कळतं. त्याने वहीत पाच खुणा लिहायच्या: मोठा दगड, वाकडं झाड, तळ्याचा कोपरा, असं. हे राखीव वनक्षेत्र आहे, इथली काही रोपं दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत आणि कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. म्हणून फुलं तोडणं नाही, आरडाओरड नाही.

याच दिवशी शिट्टीची भाषा ठरवा. एक शिट्टी म्हणजे ‘कुठे आहेस’, दोन म्हणजे ‘इकडे ये’, तीन म्हणजे ‘मदत हवी’. मुलाच्या गळ्यात शिट्टी दोन्ही दिवस राहणार, झोपतानासुद्धा.

तारीख

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर. पावसाळ्यात कातळाला शेवाळ असतं, धुकं असतं आणि वनविभाग बऱ्याच गडांवर बंदीही घालतो. मार्चनंतर ऊन आणि वाळलेलं गवत, म्हणजे वणव्याची भीती. पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार धरा. त्या दिवसांत सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र वर येतो, आणि मुलाला पहिल्या मुक्कामाला तेवढा उजेड फार धीर देतो. डिसेंबर-जानेवारीत वाऱ्यामुळे गडावरची थंडी शहरापेक्षा बरीच बोचते. कानटोपी हवीच.

मुलीची पाळी त्या तारखांना येऊ शकते. त्यासाठी तारीख सारखी हलवू नका. पॅड, जुनं वर्तमानपत्र आणि वापरलेलं परत आणायला बंद होणारी जाड पिशवी सामानात ठेवा. वडील बरोबर जाणार असतील तर ही पिशवी कुठल्या कप्प्यात आहे ते त्यांनाही माहीत असू द्या. ज्या गुहेत मुक्काम करायचा तिथे देवीचं ठाणं आहे. तुमच्या घरात काय पाळतात, काय नाही, हा विषय निघण्यापूर्वीच मिटवा. वर अंधारात तो काढू नये.

सॅक

मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहा-बारा टक्क्यांपेक्षा जास्त नको. ३८ किलोच्या मुलाला साधारण चार ते साडेचार किलो. यातलं दोन किलो नुसतं पाणीच असतं, हे त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दाखवा. मग तो स्वतःहूनच जाड जॅकेटांपैकी एक काढून ठेवतो.

मुलाकडे: दोन लिटर पाणी, स्वतःची गोधडी किंवा हलकी स्लीपिंग बॅग, कानटोपी आणि स्वेटर, मोज्यांचा एक जादा जोड, डोक्याला बांधायची बॅटरी, गूळ-शेंगदाणे, वही-पेन्सिल, गावचा नंबर लिहिलेला कागद आणि वाटखर्चाचे पैसे. पैसे त्याच्याच खिशात. काळीपिवळीवाल्याला, चहावाल्याला तोच देणार, हिशेब तोच लिहिणार.

पालकाकडे: तीन लिटर पाणी, दोन कॅरीमॅट, छोटी गॅस शेगडी आणि डबी, एक पातेलं, शिधा, प्रथमोपचार, दुसरी बॅटरी आणि जादा सेल, वीस फूट दोरी, चार्ज केलेली पॉवर बँक. फोन विमान मोडवर. रेंज शोधत बसलेला फोन संध्याकाळपर्यंत मान टाकतो. नकाशा आदल्या दिवशीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

शिधा दोघांना पुरेल इतकाच. दुपारी घरची बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. रात्री खिचडी: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, साडेचार वाट्या पाणी, मीठ-हळद-जिरं घरूनच पुडीत बांधून. डाळ-तांदूळ तासभर भिजवले तर गॅस कमी लागतो. सकाळी चहा आणि नाशिकचा चिवडा. बेदाणे आणि चिक्की खिशात. बिस्किटांचे पुडे कमी घ्या, तहान वाढवतात आणि कचरा करतात. चूल पेटवू नका. वाळल्या गवतात एक ठिणगी पुरते.

पहिला दिवस

सकाळी सातला नाशिक सोडलं तर नऊच्या सुमारास हट्टी. एसटीने वडाळीभोईपर्यंत जाऊन पुढे काळीपिवळी मिळते का पाहा. ती भरेपर्यंत थांबावं लागतं, तो वेळ धरा. गावात मुलाने स्वतः दोन गोष्टी करायच्या. एक, कुणातरी मोठ्या माणसाला नमस्कार करून वाट विचारायची. दोन, ‘आम्ही दोघं वर मुक्कामी आहोत, उद्या बारापर्यंत खाली येऊ’ हे सांगून ठेवायचं. मुंजीतल्या भिक्षावळीत मुलगा पहिल्यांदा घराबाहेर हात पसरतो. इथे वाट विचारणं हे तसलंच काम. शहरी मुलांना हे चढापेक्षा जड जातं. तुम्ही दहा पावलं मागे उभे राहा आणि बूट बांधत बसा.

गाव सुटलं की मूल पुढे आणि तुम्ही मागे. अंतर दहा-पंधरा पावलांचं. इथपासून तुमच्यासाठी नियम असा: मूल चुकीच्या फाट्याला वळलं तर काही बोलायचं नाही. दहा मिनिटं जाऊ द्यायचं. मग एकच प्रश्न विचारायचा, “आपण कुठे आहोत?” ढोरवाट आणि माणसांची वाट यातला फरक मुलं अशीच शिकतात. ढोरवाट झुडपांखालून जाते, अनेक फाटे फोडते आणि आडवी पसरते. माणसांची वाट चढ पकडून जाते आणि दगडांवर बुटांनी झिजल्याच्या खुणा असतात. परत मागे यायला लागलेली वीस मिनिटं वाया गेली असं समजू नका.

या नियमाला अपवाद चारच: कडा, घसारा, मोहोळ आणि अंधार. तिथे एकच शब्द, “थांब”, आणि त्यावर प्रश्न न विचारता मुलाने जागच्या जागी थांबायचं. हा करार घरीच करून निघा. गप्प राहणं आणि हा एक शब्द, एवढंच पालकाचं काम आहे, आणि बहुतेक पालक नेमके इथेच घसरतात. “अरे डावीकडून”, “जपून”, “पाणी पी”, “दमलीस का?” अशी संततधार चालू राहिली की मूल वीस मिनिटांत पुढचं पाऊल टाकण्याआधी मागे बघायला लागतं. तसं झालं की समजा, गड तुम्हीच चढताय.

माचीवर मोठा थांबा घ्या, भाकरी इथेच खा. पुढे खोदीव पायऱ्या आणि शिडी. शिडीवर एका वेळी एकच माणूस. चेहरा कातळाकडे, तीन टेकू कायम: दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय. चढताना तुम्ही खाली, उतरताना तुम्ही आधी खाली. इथे मात्र क्रम बदलतो आणि ते मुलाला आधीच सांगा, नाहीतर उतरताना आपलं पुढारपण काढून घेतलं असं त्याला वाटतं. दरवाज्याजवळ फारसी शिलालेख आहे, तो बघायला थांबा.

दुपारी साडेतीनपर्यंत गुहेशी पोचला नाहीत तर परत फिरायचं. ही वेळ मुलाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेली हवी, घड्याळ त्याच्या मनगटावर हवं आणि “फिरूया” हे त्यानेच म्हणायचं. त्याने म्हटलं नाही तर पाच मिनिटं थांबून त्याला वही उघडायला सांगा.

गुहेवरच्या सुळक्यावर चढायचं नाही. ते प्रस्तरारोहणाचं काम आहे, दोर आणि तंत्र जाणणाऱ्यांचं.

टाक्याचं पाणी फडक्याने गाळून खळखळ उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात हात, भांडी, पाय काहीच बुडवायचं नाही. शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर लांब, वीतभर खड्डा, वर माती.

एकट्याने बसणं

ऊन उतरू लागलं की मुलाने एक तास एकट्याने बसायचं. कड्यापासून लांब, सपाट, तुम्हाला शिट्टी ऐकू येईल आणि मान वळवली तर दिसेल अशी जागा तुम्ही आधीच्या फेरीत हेरून ठेवलेली असते. फोन नाही, पुस्तक नाही. वही चालेल. पहिली वीस मिनिटं कंटाळ्याची जातात, मूल दगड मारतं, गवत उपटतं, तुमच्याकडे बघतं. बघू द्या. हात हलवून ‘ठीक ना?’ विचारू नका. तासानंतर ‘काय वाटलं?’ असंही विचारू नका. सांगायचं असेल ते रात्री येतं, नसेल तर येत नाही.

सूर्यास्ताला कातळभिंतीकडे जाणार असाल तर खाचेच्या दोन्ही बाजूंना सरळ कडा आहे हे लक्षात ठेवा. काठापासून दहा फुटांवर बसायचं, उभं राहायचं नाही, सेल्फी नाही. अंधार पडण्याआधी गुहेत.

रात्रीचं बोलणं

खिचडी मुलाने करायची. करपली तर करपलेली खायची.

जेवणानंतर पालकाने तीन गोष्टी सांगायच्या, उपदेश न करता. तुमच्या बाराव्या-तेराव्या वर्षी तुम्हाला कशाची भीती वाटायची. मोठेपणी घेतलेला कुठला निर्णय चुकला. आणि घरात पैसे किती येतात, घराचा हप्ता किती, तो कधी संपणार. तिसरी गोष्ट बहुतेक पालक टाळतात आणि मुलांना सर्वात जास्त तीच लक्षात राहते. आकडा सांगा. ‘परिस्थिती बेताची आहे’ असलं गोल बोलणं नको. मग मुलाला तुम्हाला काहीही विचारायची मुभा, आणि खोटं उत्तर द्यायचं नाही. ‘याचं उत्तर आणखी चार वर्षांनी देईन’ असं म्हणता येतं.

खाऊची पिशवी दोरीने उंच टांगा. गुहेतले उंदीर सॅक कुरतडतात आणि सकाळी माकडं येतात. रात्री लघवीला एकट्याने जायचं नाही. या पट्ट्यात बिबट्या आहे, तेव्हा दोघांनी, बॅटरी लावून, बोलत जायचं. बूट गुहेच्या आत उपडे ठेवा आणि सकाळी घालण्याआधी झटका. विंचू आणि फुरसं दोन्ही असू शकतात.

काय बिघडतं

मूल अचानक चिडचिड करू लागलं किंवा एकदम गप्प झालं तर ते दमल्याचं लक्षण असतं, हट्टाचं नव्हे. सावलीत बसवा, गुळाचा खडा, दोन-चार घोट पाणी, दहा मिनिटं. पोटरीत गोळा आला तर पायाचा चवडा स्वतःकडे ओढून धरायचा आणि ओआरएस द्यायचं. ओआरएसच्या मोठ्या पाकिटाला बरोबर एक लिटर पाणी. अंदाजाने अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकणं चूक, क्षार जास्त झाले की उलट त्रास होतो.

आग्यामोहोळ उठतं ते धुराने, अत्तराने, दगड मारल्याने, ओरडण्याने. म्हणून परफ्यूम नाही. उठलंच तर डोकं-तोंड कपड्याने झाकून मोहोळापासून लांब पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. काटे लवकरात लवकर खरवडून काढा. ओठ-घसा सुजला, श्वास लागला तर १०८.

साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काहीही नाही. त्या हाताला किंवा पायाला काठीचा आधार बांधून स्थिर ठेवायचं, मुलाला चालवायचं नाही. १०८ आणि गावातल्या माणसाला फोन करून उचलून खाली न्यायचं आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात पोचायचं.

सर्वात जास्त अपघात उतारावर होतात, दुसऱ्या दिवशी, ‘आता काय, झालंच’ म्हणताना. वाळकं गवत मुरमावर आडवं पडलेलं असतं आणि त्यावरून बूट साबणासारखा घसरतो. पाय आडवा टाकायचा, गुडघे किंचित वाकवलेले, पावलं लहान, आणि गवताला धरून उतरायचं नाही. सकाळी निघताना अडीच लिटर गाळून-उकळून बरोबर घ्या. उताराला पाणी लागत नाही हा गैरसमज आहे.

घरी आल्यावर

आठ दिवसांच्या आत मुलाला एक खरा अधिकार द्यायचा, आणि तो परत काढून घ्यायचा नाही. घराची किल्ली. एकट्याने एसटीने आजोळी जाणं. दहा वर्षांवरच्या मुलांना बँकेत स्वतः चालवता येणारं बचत खातं काढता येतं, मर्यादा बँकेनुसार असते. ते काढून द्या आणि पासबुक बघायला मागू नका. हा अधिकार कोणता, ते गड उतरताना वाटेतच ठरवा, मुलालाच निवडू द्या. यादीत मोबाइल ठेवू नका, नाहीतर तोच निवडला जातो.

ट्रेक अर्ध्यातून सोडावा लागला, आणि ‘फिरूया’ हे मुलाने वेळेवर म्हटलं, तरी अधिकार द्यायचाच. पालकाने परत फिरवलं असेल तर महिन्याभरात पुन्हा तारीख काढा. दुसऱ्या वेळी बहिणीला किंवा भावाला बरोबर न्यायचा मोह होतो. नेऊ नका, त्याची पाळी त्याच्या वर्षी.